पाटीवरच्या ‘चार पिढ्या’ कशा वाचाव्यात

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण मध्य न्यू जर्सीत राहता, वडिलांना शहाऐंशी पूर्ण झाली आहेत आणि त्यांनी स्वतःच ‘माझी व्यवस्था आधी ठरवून ठेव, ऐनवेळी तुझी धावपळ नको’ असे सांगितले आहे. गावात दोन फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारी ठिकाणे, आहेत. त्यांपैकी एकाच्या पाटीवर ‘चार पिढ्यांची सेवा’ असे लिहिले आहे. आपले मेहुणे म्हणतात की अशा पाट्या शोभेच्या असतात आणि आत कंपनीच बसलेली असते. हा व्यवसाय अमेरिकेत एकाच घरात पिढ्यानपिढ्या का चालतो, त्या पाटीला किती किंमत द्यावी, आणि ज्या घराने शंभर वर्षे ख्रिस्ती माणसांची दफने केली त्याला आपल्या रीती कितपत कळणार, असे आपण विचारले आहे.

उत्तर देण्यापूर्वी माझी बाजू सांगून टाकतो. मी मूळचा साताऱ्याचा, गेली तेवीस वर्षे न्यू जर्सीत परवानाधारक फ्युनरल डायरेक्टर म्हणून काम करतो आणि ज्या फ्युनरल होममध्ये काम करतो ते एका आयरिश वंशाच्या कुटुंबाचे, आज चौथ्या पिढीकडे जात असलेले घर आहे. त्या कुटुंबाचा मी कोणी नाही, पगारदार आहे. तरी माझा कल घरगुती फ्युनरल होमकडे झुकत असणार हे धरून पुढचे वाचावे.

माझ्या मते आपल्याला पडलेला खरा प्रश्न इतिहासाचा नाही. वडिलांचा देह ज्याच्या हाती सोपवायचा तो माणूस नेमका कोण आणि काही चुकले तर दुसऱ्या दिवशी तो समोर उभा राहील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून असते. मालक त्याच गावात राहतो का, त्याच्या मुलाबाळांना या कामात रस आहे का, तो ज्या क्रिमेटोरियमशी, म्हणजे दहनगृहाशी, व्यवहार करतो तेथे आपल्या माणसांना किती वेळ आणि किती जागा मिळते, या गोष्टी गावोगाव वेगळ्या असतात. मात्र या घरांची घडण कशी झाली हे ठाऊक असले की कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप सुचते, म्हणून इतिहासाकडे वळतो.

हा धंदा सुतारकामातून आला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणूस घरातच जात असे, घरातल्या आणि शेजारच्या बायका देहाला स्नान घालत, आणि गावचा सुतार माप घेऊन रातोरात पेटी करून देत असे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे १७६० च्या दशकात बेंजामिन बकट्राउट नावाचा उंची लाकडी सामान करणारा कारागीर होता. त्याच्या आडनावाचे फ्युनरल होम त्या गावात आजही आहे. सुताराबरोबर दुसरा माणूस असे तो घोडागाड्या भाड्याने देणारा. पेटी, गाडी, खुर्च्या, दाराला लावायचे काळे कापड, खांदेकऱ्यांचे हातमोजे ही सगळी जमवाजमव जो अंगावर घेई तो ‘अंडरटेकर’. शब्दाचा मूळ अर्थ काम पत्करणारा एवढाच आहे. आपल्याकडे प्रत्येक आळीत तिरडी बांधायला पुढे होणारा एक जाणता माणूस असायचा, तसाच हा. फरक इतकाच की त्याने त्याचे पैसे घेतले आणि पुढे त्याचे दुकान झाले.

दुकानाचा व्यवसाय झाला तो यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडची मुले दक्षिणेत शेकडो मैलांवर मरू लागली आणि आईबापांना ती घरी यायला हवी होती. टॉमस होम्स आणि त्याच्यासारखे लोक रसायने टोचून देह टिकवण्याचे काम, म्हणजे एम्बाल्मिंग, युद्धभूमीजवळ करू लागले. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकन यांचे पार्थिव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सुमारे १,६५० मैल आगगाडीने नेण्यात आले. ती गाडी आपल्या ट्रेंटन, न्यूआर्क आणि जर्सी सिटीवरूनच न्यूयॉर्कला गेली. गावोगावच्या लोकांनी रांगा लावून दर्शन घेतले, आणि गेलेल्या माणसाला काही दिवस ठेवता येते ही गोष्ट सामान्य अमेरिकन घराच्या मनात पक्की झाली. १८८२ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १८९४ मध्ये व्हर्जिनियाने एम्बाल्मिंगसाठी परवाना आवश्यक केला आणि मागोमाग इतर राज्यांनीही. सुताराच्या मुलाला आता परीक्षा द्यावी लागू लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांची घरे लहान होत गेली, मरण रुग्णालयात जाऊ लागले आणि दर्शनासाठी घरातला दिवाणखाना पुरेना. तेव्हा फ्युनरल होम हे नावाप्रमाणेच खरोखर एक घर झाले. गावातला एखादा जुना, प्रशस्त, पडवीचा वाडा विकत घ्यायचा, खाली दर्शनाच्या खोल्या करायच्या आणि वर स्वतः राहायचे. हा धंदा घराण्यात का राहिला याचे निम्मे उत्तर त्या जिन्यात आहे. रात्री अडीच वाजता टेलिफोन वाजला तर उचलणारा माणूस घरातच लागतो, पगारी माणूस रोज रात्री ठेवणे परवडत नाही. आमच्या मालकांच्या आई फोन घेत, हिशेब लिहीत आणि बायकांचे केसही विंचरून देत. त्यांचे नाव पाटीवर कधीच लागले नाही. खाली दर्शन चालू असताना वर मुलांनी मोजे घालूनच चालायचे, मासे तळायचे नाहीत, आणि रेडिओ लावायचा नाही, असा नियम होता असे मालक सांगतात. ज्या मुलाचे बालपण असे गेले, त्याला मृत्यूची भीती उरत नाही किंवा मग तो अठराव्या वर्षी घर सोडतो तो परत येत नाही. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

उरलेले निम्मे उत्तर समाजात आहे. आयरिश माणूस आयरिश घरी जाई, इटालियन इटालियनाकडे, पोलिश पोलिशाकडे, ज्यू ज्यूंकडे. प्रार्थना, भाषा आणि जेवणाची रीत ठाऊक असलेला माणूस लोकांना हवा असे. काळ्या समाजाला तर पर्यायच नव्हता, कारण गोऱ्यांची अनेक फ्युनरल होम त्यांना दारात घेत नसत. त्यातून त्यांच्यात स्वतंत्र, सधन आणि कोणा गोऱ्या मालकाच्या मर्जीवर न जगणारी घराणी उभी राहिली. १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांकडून मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचे, एमेट टिलचे, पार्थिव त्याच्या आईच्या आग्रहावरून उघड्या पेटीत ठेवले गेले, ते शिकागोतील रेनर कुटुंबाच्या फ्युनरल होमने. त्याच्या मारेकऱ्यांवरील खटल्याला डेट्रॉइटहून जे अमेरिकी संसदेचे सदस्य जाऊन बसले ते चार्ल्स डिग्ज. त्यांच्या वडिलांनी उभारलेले फ्युनरल होम डेट्रॉइटमध्ये नामांकित होते आणि ते स्वतःही त्याच व्यवसायातले होते.

आमच्या कार्यालयातील एका कपाटात जुन्या हिशेबवह्या आहेत, आणि नव्या उमेदवाराला मी पहिल्या आठवड्यात त्या चाळायला लावतो. सर्वांत जुन्या वहीत एका अंत्ययात्रेला एक पान आहे: गाड्या किती, बर्फ किती, हातमोजे किती जोड, दाराचे कापड काळे की पांढरे, पांढरे म्हणजे मूल. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा एका पानावर सहा-सहा नावे येतात, रकाने मोकळे राहतात आणि मध्येच अक्षर बदलते. मोठ्यांच्या वळणदार अक्षराच्या जागी एक गोल, शाळकरी अक्षर दिसते. ती त्या वेळची बारा वर्षांची मुलगी होती, असे घरात सांगतात. बाप आणि काका दिवसरात्र बाहेर असल्याने वही तिच्याकडे आली होती. पुढच्या वह्यांत बर्फाचा रकाना जातो आणि एम्बाल्मिंगचा येतो, घोडागाड्या जातात आणि मोटारी येतात. १९५० नंतरच्या वहीत ‘रुग्णवाहिका’ असाही एक रकाना आहे. हे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण माणसाला आडवे नेता येईल अशी लांब गाडी गावात फक्त यांच्याकडेच असे, त्यामुळे अपघात झाला की फोन फ्युनरल होमला जाई. १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालाने देशातील जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी व्यावसायिकच चालवतात असे दाखवले आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत हे काम प्रशिक्षित पथकांकडे गेले. १९७० नंतरच्या वह्यांत ‘क्रिमेशन’ हा शब्द दिसू लागतो, आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला.

या वह्यांमुळे ‘चार पिढ्या’ या शब्दांचा मी लावत असलेला अर्थ बदलला. पूर्वी मला वाटे की पणजोबा करत होते तेच पणतू करतो. प्रत्यक्षात पणजोबा गाड्या जमवत, आजोबा रसायने टोचत, वडील अपघातातल्या माणसाला रुग्णालयात पोचवत आणि आजची मुलगी दहनाची कागदपत्रे, दूरदेशीच्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण आणि गुरुजींची वेळ सांभाळते. जे घर बदलले नाही त्याची पाटी आज कुठेच नाही. म्हणून पाटीवर चार पिढ्या दिसल्या, तर ‘यांनी काय जपले’ याबरोबर ‘हे किती वेळा नव्याने शिकले’ असेही विचारावे. आपल्यासारख्या गिऱ्हाइकासाठी दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आता मेहुण्यांच्या शंकेकडे येतो, कारण ती निराधार नाही. १९६२ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन केली. वॉल्ट्रिप स्वतः घरगुती फ्युनरल होममध्येच वाढलेले होते आणि वडिलांच्या पश्चात ते सांभाळत होते. गावातील चार-पाच फ्युनरल होम एका मालकीखाली आणली, तर शववाहिका, एम्बाल्मिंगची खोली आणि माणसे सामाईक वापरता येतील, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. आज या कंपनीकडे उत्तर अमेरिकेत सुमारे दीड हजार फ्युनरल होम आहेत. तिने एक गोष्ट मात्र ओळखली होती: शोकात असलेली माणसे ओळखीच्या नावाकडे जातात. म्हणून घर विकत घेताना नावही विकत घेतले जाते, जुना मालक काही वर्षे पगारावर दारात उभा राहतो, आणि त्याने किंवा त्याच्या मुलांनी ठरावीक अंतरात पुन्हा हा धंदा करायचा नाही असा करार होतो. मॅनहॅटनमधील फ्रँक कॅम्पबेल यांच्या नावाचे प्रसिद्ध फ्युनरल होम, जेथून १९२६ मध्ये मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याची अंत्ययात्रा निघाली, ते आज याच कंपनीच्या मालकीचे आहे आणि दारावर नाव कॅम्पबेल यांचेच आहे.

त्याच वाटेने गेलेले कॅनडाचे रे लोवेन हेही फ्युनरल होम चालवणाऱ्याचेच चिरंजीव. त्यांच्या कंपनीने नव्वदच्या दशकात इतक्या वेगाने घरे विकत घेतली की कर्ज डोक्यावरून गेले. मिसिसिपीतील बिलॉक्सीचे जेरेमाया ओकीफ या घरगुती व्यावसायिकाने करारभंगाचा दावा लावला आणि १९९५ मध्ये ज्यूरीने लोवेन यांच्या कंपनीवर ५० कोटी डॉलरची भरपाई बसवली, तडजोड १७.५ कोटींवर झाली, पण कंपनी सावरली नाही आणि १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे अवशेषही शेवटी वॉल्ट्रिप यांच्याच कंपनीत आले. आमचे मालक ही हकीकत सांगताना कधी खूश होतात, तर कधी गप्प बसतात. त्या वर्षांत त्यांच्याही टेबलावर एक घसघशीत देकार येऊन पडला होता.

इथवरचे एकत्र करायचे तर असे: देशातील बहुसंख्य फ्युनरल होम आजही घरगुती मालकीची आहेत, म्हणून ‘आत कंपनीच असते’ हे मेहुण्यांचे म्हणणे सरसकट खरे नाही, पण पाटीवरचे नाव मालकी सिद्ध करत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे.

घरे विकली का जातात, याचे कारण लोभापेक्षा बरेचदा दहन हे असते. अमेरिकेतील पहिले आधुनिक दहन ६ डिसेंबर १८७६ रोजी पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन या गावी डॉ. लेमॉइन यांच्या भट्टीत झाले आणि ते घडवून आणणारे कर्नल ऑल्कॉट म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक, जे १८७९ मध्ये मुंबईला येऊन राहिले. लोकांनी त्यावर टीका आणि थट्टा केली. १९६० मध्येही शंभरातल्या चार माणसांचेही दहन होत नव्हते. २०१५ च्या सुमारास दहनाने दफनाला मागे टाकले आणि आज ते प्रमाण साठ टक्क्यांपुढे आहे. महागडी पेटी, एम्बाल्मिंग, दोन दिवसांचे दर्शन आणि गाड्यांचा ताफा यांवर उभे असलेले घर साध्या दहनाच्या उत्पन्नावर चालवणे कठीण असते. त्यात मुलगा संगणकाच्या नोकरीत गेला, वाड्याच्या जागेला सोन्याचा भाव आला आणि भावंडांना वाटणी हवी असली, की चौथी पिढी पाटीवर राहते आणि घर जाते. एक बदल मात्र उलट्या दिशेने झाला आहे: या व्यवसायाच्या शिक्षणक्रमांत आता निम्म्याहून अधिक मुली असतात. आमच्याकडेही मुलाने नाही म्हटल्यावर धाकटी मुलगी परवाना घेऊन परत आली. ज्या घरात बारा वर्षांच्या मुलीने वही लिहिली आणि पाटीवर तीन पिढ्या फक्त ‘अँड सन्स’ राहिले, तेथे पाटी बदलण्यावरून बापलेकीत दोन महिने वाद झाला. लेकीला जुनीच पाटी हवी होती.

आपल्या रीतींविषयीची शंका मी अनुभवाने सांगतो. मी येथे लागलो त्याच वर्षी एका मराठी गृहस्थांचे कार्य आमच्याकडे आले. मी नवखा, मालकांना हिंदू विधीची कल्पना नाही, आणि मला वाटले की मला सगळे ठाऊक आहे. गुरुजींनी कापूर पेटवला आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला. पाच मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी दारात आली. पांढऱ्या कपड्यांतली चाळीस माणसे, पेटीजवळ ताम्हन घेऊन थांबलेला मुलगा आणि दारात शिरस्त्राण काढून उभे राहिलेले दोन जवान असे ते दृश्य मला अजून स्पष्ट दिसते. त्यानंतर क्रिमेटोरियममध्ये गेलो तर खोली आठ माणसांची निघाली. मुलाने खांद्यावर मडके घेऊन प्रदक्षिणा घातल्या, मडक्याला छिद्र पडताच पाणी गालिच्यावर गळू लागले आणि तेथील कर्मचारी गोंधळून गेला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आधी बोलणे माझे काम होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्या कुटुंबाला फोन करून माफी मागितली, त्यांच्याकडूनच गुरुजींचा पत्ता घेतला आणि त्यांच्या घरी वही घेऊन दोन तास बसून आले. ती वही आता बरीच जाड झाली आहे. कापूर गाडी थांबते त्या छपराखाली पेटवायचा, आत फक्त समई. तूप एका छोट्या वाटीत, पिंड भाताचे, तुळस आणि गंगाजल घरचे लोक आणतात, नारळ भट्टीत जाऊ द्यायचा नाही. सवाष्ण गेलेली असेल तर हिरवे पातळ आणि ओटी, हे विचारायला विसरू नये. मंगळसूत्र काढायचे की ठेवायचे ते फोनवर विचारायचे नाही, समोर बसून विचारायचे. पेसमेकर असेल तर दहनापूर्वी काढावाच लागतो, ते मुलाला आदल्या दिवशी सांगायचे. मडक्यासाठी फरशीची जागा आधी मागून घ्यायची. हे सगळे एका आयरिश माणसाच्या अक्षरात आहे, आणि त्यातले काही मलाही त्याच्याकडूनच कळले.

या भागात आपल्या लोकांच्या अस्थींचा प्रवास तसा जुना आहे. आनंदीबाई जोशी शिक्षणासाठी आल्या तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे रक्षावशेष कार्पेंटरबाईंकडे पाठवले गेले आणि ते न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवले आहेत. आज प्रवास उलटा आहे. अस्थी घेऊन मुले नाशिकला किंवा आळंदीला जातात, आणि आम्ही विमानतळावरच्या तपासणीत क्ष-किरण आरपार जातील असा लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा देतो, धातूचा नाही.

न्यू जर्सीपुरत्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. येथे फ्युनरल होमला दफनभूमी किंवा क्रिमेटोरियम स्वतःच्या मालकीचे ठेवता येत नाही. म्हणजे घर कितीही आपुलकीचे असले तरी प्रत्यक्ष अग्नी जेथे द्यायचा ती जागा दुसऱ्याची असते, म्हणून तीही आधी पाहून घ्यावी. दुसरे असे की मृत्यूनंतर चोवीस तासांच्या आत सर्वसाधारणपणे दहन करता येत नाही. ‘आजच उरकून घेऊ’ ही गावाकडची घाई येथे चालत नाही, हे भारतातल्या नातेवाइकांना सांगून ठेवलेले बरे.

मालकी तपासणे अवघड नाही. सरळ विचारावे: ‘हे फ्युनरल होम आज कोणाच्या मालकीचे आहे, आणि ते येथे किती दिवस असतात?’ घरगुती मालक या प्रश्नाने सुखावतो आणि दहा मिनिटे आजोबांविषयी बोलतो. कराराच्या नमुन्यावर तळाशी कायदेशीर नाव कोणाचे आहे ते वाचावे. ‘डिग्निटी मेमोरियल’ हे चिन्ह कोठे दिसले तर ते वर सांगितलेल्या मोठ्या कंपनीचे घर आहे. पाटीवर किंवा जाहिरातीत व्यवस्थापकाचे नाव आणि परवाना क्रमांक असतो, ते नाव पाटीवरच्या घराण्याचे आहे की वेगळे, तेही पाहावे; वेगळे असले म्हणून वाईट असे नाही, फक्त विचारावे.

१९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार दर फोनवर विचारले तरी सांगावे लागतात आणि प्रत्यक्ष गेल्यावर सर्व बाबींचे सुटे दरपत्रक हातात द्यावे लागते. साध्या दहनासाठी पेटी विकत घेण्याची सक्ती करता येत नाही, साधा पुठ्ठ्याचा किंवा लाकडी डबा चालतो. एम्बाल्मिंग आपल्याला बहुधा लागणारच नाही. शीतगृह आहे का एवढे विचारावे. पुष्कळ जुन्या घरगुती ठिकाणी ते नसते किंवा अपुरे असते, आणि हे मी माझ्याच बाजूच्या लोकांविरुद्ध सांगतो आहे. कंपनीच्या मालकीची काही घरे आपले विधी आमच्यापेक्षा चोख करतात, त्यांच्याकडे दोनशे माणसांचे दालन आणि घरच्यांच्या साक्षीने दहन करण्याची नीट सोय असते. आमच्याकडे दालन लहान आहे आणि वाहनतळ तर त्याहून लहान. गावातील दुसऱ्या फ्युनरल होमची पाटी नवी आहे म्हणून ते यादीतून काढून टाकू नये.

पैसे आधी भरणार असाल, तर ते या राज्यात विश्वस्त निधीत वडिलांच्या नावे राहायला हवेत. घर विकले गेले किंवा आपणच येथून दूर राहायला गेलात तर ते दुसऱ्या फ्युनरल होमकडे कसे न्यायचे, हे लेखी घ्यावे. ‘तुमच्यानंतर हे कोण पाहणार?’ हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटेल, पण मालकाला तो नवा नसतो. त्याच्या घरातही रात्रीच्या जेवणाला तोच विषय असतो.

आणि भेटीला जाताना वडिलांना बरोबर न्यावे. बहुतेक मुले त्यांना टाळून येतात. मागच्या वर्षी एक नव्वदीचे आजोबा मुलीबरोबर आमच्याकडे आले होते. त्यांनी दर ऐकले, दालन पाहिले आणि मग मालकांना विचारले की येथे विडी ओढता येते का. मालकांनी त्यांना छपराखाली नेले, दोघे अर्धा तास तेथे बसले होते. परत आल्यावर आजोबांनी मुलीला एवढेच सांगितले की पेटीबिटी नको, पण या माणसाला सांग की सकाळची वेळ ठेव, दुपारी मला उन्हाचा त्रास होतो. ते वहीत लिहून ठेवले आहे.